सातबाऱ्याचा ‘सात डिसेंबर’ का होतो ?

राज्याच्या प्रशासनात पुणे शहराचे स्थान वेगळे आहे. मंत्रालय मुंबईस असले, तरी जमाबंदी आयुक्त, शिक्षण आयुक्त, कृषी आयुक्त, सहकार आयुक्त आणि साखर आयुक्त यांची मुख्यालये पुण्यात आहेत. गावोगावच्या खातेदारांच्या, विद्यार्थ्यांच्या, लाभार्थ्यांच्या आणि सभासदांच्या याद्या अखेर ज्या शहरी एकत्र होतात, ते शहर पुणे होय. पूर्वी या याद्या फितीने बांधलेल्या गठ्ठ्यांतून येत असत. आज त्या बहुतांशी फाइलींच्या रूपाने येतात. गठ्ठा सोडला की कारकुनाने लिहिलेले अक्षर जसेच्या तसे समोर येई. फाइलीचे तसे नाही. ती कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडते, यावर तिच्यातील अक्षरे व अंक कसे दिसतील आणि पुष्कळदा ते शाबूत राहतील की नाही, हे अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावाच्या पीकनुकसानीच्या यादीत भूमापन क्रमांक ७, हिस्सा क्रमांक १२ अशी नोंद ‘७/१२’ या रूपात आहे. ही यादी साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. कर्मचाऱ्याने फाइलीवर दोनदा क्लिक केले. ती एक्सेलमध्ये उघडली, आणि ‘७/१२’ च्या जागी ‘७ डिसेंबर’ अशी तारीख दिसू लागली. त्याच यादीतील ‘१२५/३’ ही नोंद मात्र जशीच्या तशी राहिली, कारण १२५ ही कोणत्याही महिन्याची तारीख होऊ शकत नाही. ‘२/४५’ या नोंदीचा ‘फेब्रुवारी १९४५’ झाला. अशा यादीत काही ओळी बरोबर व काही चूक राहतात. म्हणूनच वरवर नजर टाकणाऱ्याच्या लक्षात दोष येत नाही. फाइल त्याच स्थितीत जतन होऊन पुढे गेली, तर ज्या शेतकऱ्याच्या नावापुढे जमिनीऐवजी तारीख आहे, त्याचे अनुदान अडकून पडते. त्याला तालुक्याच्या ठिकाणी मारावे लागणारे हेलपाटे हे या तांत्रिक दोषाचे खरे मूल्य होय.

साधी फाइल म्हणजे काय ?

साध्या मजकुराच्या फाइलीत केवळ अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि ओळ संपल्याच्या खुणा एवढेच असते. अक्षराचा आकार, ठळकपणा, रंग, रकान्याची रुंदी, एवढेच काय, पण कोणता फॉन्ट वापरला ही माहितीदेखील तीत नसते. ‘.टीएक्सटी’ आणि ‘.सीएसव्ही’ ही तिची नेहमीची दोन रूपे. दुसऱ्या रूपात प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद असते आणि रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात. अनेक शासकीय संकेतस्थळांवरून व संगणक प्रणालींतून माहिती याच रूपात उतरवून घेता येते. कारण ही फाइल आकाराने लहान असते आणि कोणत्याही कंपनीच्या प्रोग्रॅमशी बांधलेली नसते.

तिची शक्ती साधेपणात आहे, तशीच तिची अडचणही त्यातच आहे. ‘हा रकाना आकडा समजावा, हा मजकूर समजावा’ असे सांगण्याची सोय साध्या फाइलीत नाही. उघडणारा प्रोग्रॅम स्वतःच्या समजुतीने अर्थ लावतो. चुकीच्या प्रोग्रॅमच्या हाती ती पडली, की अर्थही चुकीचा लागतो.

फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये का जाते ?

संगणकाच्या कार्यप्रणालीजवळ एक नोंदवही असते, असे समजावे. फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे पाहून ती फाइल कोणत्या प्रोग्रॅमकडे द्यावयाची, हे या नोंदवहीत लिहिलेले असते. फाइलीच्या आत काय आहे, याची विंडोज दोनदा क्लिक करताना चौकशी करीत नाही. ती नावाचे शेपूट पाहते. नवा ऑफिस संच बसविला, की तो यांपैकी काही नोंदी आपल्या नावावर करून घेऊ शकतो. कालपर्यंत नोटपॅडमध्ये उघडणारी फाइल आज रायटरमध्ये किंवा एक्सेलमध्ये उघडू लागली, तर फाइल बिघडली असे समजू नये. बहुधा नोंदवहीतील ओळ बदललेली असते.

यावर उपाय सोपा आहे. फाइलीवर माउसचे उजवे बटन दाबून ‘ओपन विथ’ निवडावे, ‘चूज अनदर ॲप’ मधून हवा तो प्रोग्रॅम घ्यावा, आणि हा बदल कायम हवा असल्यास ‘ऑलवेज’ हा पर्याय स्वीकारावा. एकदाच पाहावयाचे असल्यास तो स्वीकारू नये.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. विंडोज प्रणाली नावाचे शेपूट मुळात लपवून ठेवते. त्यामुळे ‘यादी.सीएसव्ही’ असे दिसणारे नाव प्रत्यक्षात ‘यादी.सीएसव्ही.टीएक्सटी’ असू शकते. एक्सप्लोररमधील ‘व्ह्यू’ या भागात जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ ही खूण करून ठेवणे हा प्रत्येक कार्यालयाने पाळावयाचा पहिला नियम असावा. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू जगभर पसरला, तो याच लपलेल्या शेपटाच्या आधाराने. त्याची फाइल ‘.टीएक्सटी’ असल्याचा भास होई, पुढचे ‘.व्हीबीएस’ हे खरे शेपूट अनेकांना दिसतच नव्हते. साधे पत्र समजून लोकांनी जे उघडले, तो एक चालणारा प्रोग्रॅम होता.

तिसरे कारण म्हणजे नाव आणि अंतरंग यांतील विसंगती. काही संकेतस्थळे ‘एक्सेल’ म्हणून जी फाइल देतात, ती आतून वेब पानाचा तक्ता असते; फक्त नावाला ‘.एक्सएलएस’ जोडलेले असते. अशी फाइल उघडताना एक्सेल इशारा देते. हा इशारा येताच घाबरण्याचे कारण नाही. मात्र फाइल खात्रीच्या ठिकाणाहून आली आहे ना, हे आधी पाहावे.

शंका आल्यास फाइल प्रथम नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. प्रारंभी ‘पी’ व ‘के’ ही दोन रोमन अक्षरे आणि पुढे अगम्य चिन्हे दिसली, तर ती मुळात नव्या पद्धतीची वर्ड, एक्सेल अथवा लिब्रेऑफिस फाइल आहे. या फाइली ‘झिप’ पद्धतीने आवळलेल्या असतात, आणि ती पद्धत रचणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे त्यांच्या माथी असतात. टोकदार कंसात ‘एचटीएमएल’ दिसले, तर ते वेब पान होय. सरळ वाचता येणाऱ्या ओळी दिसल्या, तर ती साधी फाइल. नोटपॅडमध्ये नुसते पाहिल्याने फाइलीला अपाय होत नाही. अपाय होतो तो बदललेल्या रूपात ती जतन केल्याने.

अक्षरांचा गोंधळ : चार लक्षणे

मराठी यादी उघडल्यावर अक्षरे बिघडलेली दिसणे ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. तिचे मूळ समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यातच घडले.

संगणक अक्षर साठवीत नाही, अंक साठवितो. कोणत्या अंकास कोणते अक्षर म्हणावयाचे, याचा तक्ता ठरलेला असावा लागतो. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झाले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान या केंद्राने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा तक्ता भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या तक्त्यावर आधारलेली होती, आणि देवनागरीसाठी १२८ जागा राखण्यात आल्या. मराठीस लागणारा ‘ॲ’ हा वर्ण २००८ मध्ये त्यात समाविष्ट झाला.

मधल्या काळात छपाईची गरज भागविण्यासाठी दुसरी एक वाट रूढ झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, सी-डॅकचे ‘योगेश’, ‘सुरेख’ यांसारखे फॉन्ट, तसेच ‘कृतिदेव’ यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले होते. कागदावर उत्तम मराठी उमटे. परंतु संगणकाच्या पोटात रोमन चिन्हेच साठविलेली असत. साध्या फाइलीत फॉन्टची नोंद राहत नाही, हे वर सांगितलेच आहे. म्हणून अशा मजकुराची साधी फाइल केली, की मराठीचा मुखवटा गळून पडतो.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली, म्हणजे बिघाडाची चार लक्षणे ओळखता येतात.

पहिले लक्षण : रोमन ‘ए’ या लहान अक्षरावर तिरकी रेघ असलेले चिन्ह पुन्हा पुन्हा दिसते, आणि त्यामागे चलनाचे किंवा जपानी येनचे चिन्ह येते. युनिकोड साठविण्याच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास व मात्रेस तीन बाइट लागतात. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे बारा बाइट झाले. प्रत्येक त्रिकुटाचा पहिला बाइट एकच असल्यामुळे पाश्चात्त्य तक्त्याने वाचताना तेच चिन्ह वारंवार येते. हे लक्षण दिसल्यास फाइल शाबूत आहे, फक्त वाचणारा तक्ता चुकला आहे, असे समजावे. ती जतन न करता बंद करावी आणि पुढे सांगितलेल्या रीतीने पुन्हा उघडावी.

दुसरे लक्षण : मराठीच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे. हा गंभीर बिघाड होय. ज्या तक्त्यात देवनागरी नाही, अशा ‘आन्सी’ पद्धतीने फाइल जतन केली गेली आणि प्रत्येक वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले. मूळ अक्षरे त्या फाइलीत आता नाहीत. कोणत्याही युक्तीने ती परत येणार नाहीत. मूळ प्रत पुन्हा मागविणे हाच उपाय. जुने नोटपॅड अशा वेळी अक्षरे नष्ट होतील असा इशारा देत असे, परंतु घाईत ‘ओके’ दाबले जाई. २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये ‘यूटीएफ-८’ हीच मूळ पद्धत ठेवण्यात आली.

तिसरे लक्षण : रिकाम्या चौकटी. येथे मजकूर आहे, तक्ताही बरोबर आहे; फक्त देवनागरीचा फॉन्ट त्या संगणकावर नाही किंवा निवडलेला नाही. ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ यांसारखा युनिकोड फॉन्ट निवडला की काम भागते.

चौथे लक्षण : रोमन अक्षरांची अर्थहीन गर्दी, परंतु पहिल्या लक्षणातील पुनरावृत्ती नाही. हा जुन्या फॉन्टमधील मजकूर होय. तो कोणत्या फॉन्टमध्ये टंकलिखित झाला, याची चौकशी करून त्या फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तनानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व इकार यांची तपासणी डोळ्यांनी करणे अगत्याचे आहे.

अंकांचा गोंधळ

बिघडलेले अक्षर निदान दिसते. बिघडलेला अंक बरोबर अंकासारखाच दिसतो, म्हणून तो अधिक घातक. असे बिघाड मुख्यतः चार प्रकारचे आहेत.

आरंभीचे शून्य गळते. पुण्याचा दूरध्वनी संकेतांक ०२० हा २० होतो. शून्याने सुरू होणारा बँक खाते क्रमांक तोकडा होतो. शाळांचा यू-डायस क्रमांक ११ अंकी असून त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७ असल्यामुळे आपल्याकडे हा दोष प्रकट होत नाही. उत्तर प्रदेशाचा ०९ असल्यामुळे तेथे तो लगेच दिसतो. आपल्या यादीत दोष दिसला नाही, म्हणून रीत बरोबर होती असे ठरत नाही, हा यातील धडा आहे.

मोठा आकडा आवळला जातो. १२ अंकी क्रमांक एक्सेल दशांश अपूर्णांक, त्यापुढे रोमन ‘ई’ आणि ११ अशा शास्त्रीय रूपात दाखविते. तसाच सीएसव्ही म्हणून जतन केल्यास पुढचे काही अंक तेवढे उरतात व बाकीचे नष्ट होतात. आकडा १५ अंकांहून मोठा असल्यास त्यापुढील अंकांच्या जागी शून्ये येतात. पूर्ण आधार क्रमांक अशा याद्यांतून फिरवू नयेत, हा मुद्दा वेगळा असला, तरी तितकाच महत्त्वाचा आहे.

तारीख उलटते. संगणकावर अमेरिकन पद्धत निवडलेली असल्यास ०५/०६ ही ५ जून न राहता ६ मे होते, आणि १३/०६ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तशीच राहते. विद्यार्थ्याच्या जन्मतारखेत असा एक महिन्याचा फरक पडला, तर इयत्ता पहिलीच्या वयाच्या अटीपासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत त्याचा उपद्रव होतो.

तारीख नसलेली गोष्ट तारीख होते. सातबाऱ्याचे उदाहरण याच प्रकारातील.

उघडण्याची योग्य रीत

एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये. रिकामे पुस्तक उघडून ‘डेटा’ या भागातील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे. ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ‘६५००१ : युनिकोड यूटीएफ-८’ घ्यावे, स्वल्पविराम हा विभाजक ठेवावा, आणि माहितीचा प्रकार ओळखू नये असा पर्याय निवडावा, म्हणजे सर्व रकाने मजकूर म्हणून येतील. ज्या रकान्याची बेरीज करावयाची आहे, तेवढाच नंतर आकडा करावा. आकडा आणि क्रमांक यांतील भेद ओळखण्याची सोपी कसोटी अशी : ज्याची बेरीज करण्यात अर्थ आहे तो आकडा, खाते क्रमांक, गट क्रमांक, दूरध्वनी, पिनकोड ही केवळ नावे आहेत, जरी ती अंकांनी लिहिलेली असली तरी. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत शून्य गाळणे, तारीख करणे इत्यादी आपोआप होणारे बदल थांबविण्याची सोय ‘ऑप्शन्स’ मध्ये उपलब्ध झाली आहे.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सीएसव्ही फाइल उघडताना एक विचारणा-चौकट येते. तेथे अक्षरसंच ‘युनिकोड यूटीएफ-८’ निवडावा, खालच्या नमुन्यातील संबंधित रकान्यावर क्लिक करून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करावा. ही चौकट घाईने ‘ओके’ करून घालविण्यासाठी नाही. संगणक येथे आपणांस विचारीत असतो, हे त्याचे सौजन्य मानावे. ‘.टीएक्सटी’ फाइल मात्र सहसा रायटरमध्ये जाते. ती तक्त्यातच हवी असल्यास उघडण्याच्या चौकटीत फाइलीचा प्रकार ‘टेक्स्ट सीएसव्ही’ असा निवडावा.

एक्सेलमधून मराठी यादी पाठविताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. त्यात फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण लिहिली जाते. ही खूण पाहून एक्सेल पुढच्या वेळी योग्य तक्ता स्वतःच वापरते.

बाहेरच्या जगाचा अनुभव

ही अडचण केवळ आपल्या कार्यालयांची आहे, असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या असे लक्षात आले, की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून साध्या फाइलींतून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत भरली जात होती. त्या पद्धतीत एका तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावतात; नव्या पद्धतीत १०,४८,५७६ मावतात. जागा संपल्यावर उरलेल्या ओळी गळाल्या, आणि या रुग्णांच्या संपर्कातील लोकांना शोधण्यास विलंब झाला.

जीवशास्त्रज्ञांना तर याहून चमत्कारिक अनुभव आला. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांच्या जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा होऊ लागल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत असे दोष आढळले. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा नावांमध्येच बदल जाहीर केले. शास्त्रज्ञांना जनुकांची नावे बदलता आली. आपल्याला गावचे गट क्रमांक बदलता येणार नाहीत. आपल्याला रीतच बदलली पाहिजे.

कार्यालयाने पाळावयाची शिस्त

पुणे जिल्हा परिषदेच्या कक्षेत १३ पंचायत समित्या आहेत. प्रत्येकीने आपल्या सोयीने फाइल उघडून, जतन करून पुढे पाठविली, तर एकाच यादीत तेरा तऱ्हांचे दोष एकत्र येऊ शकतात. म्हणून पुढील गोष्टी सर्वांनी सारख्याच पाळणे हिताचे ठरेल.

आलेली मूळ फाइल स्वतंत्र ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. पाहण्यापुरती उघडलेली फाइल बंद करताना ‘जतन करावयाचे काय ?’ असा प्रश्न आल्यास ‘नाही’ असे उत्तर द्यावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. तारीख लिहिताना महिन्याचे नाव अक्षरी लिहावे किंवा वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवावा. यादी पाठविण्यापूर्वी एकूण ओळी मोजाव्यात व ती संख्या सोबतच्या पत्रात नमूद करावी. घेणाऱ्याने ती ताडून पाहावी. शेवटी यादीतील पहिली, मधली व शेवटची अशा काही नोंदी मूळ कागदाशी पडताळाव्यात.

शिक्षकांना यात विशेष कार्य करता येण्यासारखे आहे. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून वर्गाची एक छोटी यादी नोटपॅडमध्ये तयार करून घ्यावी, तीत ०२०, ७/१२ आणि स्वतःचे मराठी नाव लिहावयास सांगावे, आणि ती दोन्ही रीतींनी उघडून दाखवावी. एका तासात जे समजेल, ते पुढे कोणत्याही कार्यालयात त्यांच्या उपयोगी पडेल. ग्रामपंचायत सदस्यांनीही यादी सभेपुढे येईल तेव्हा केवळ नावे वाचून समाधान मानू नये. गट क्रमांक आणि खाते क्रमांक यांचे रकाने नजरेखालून घालावेत.

फाइल कशी उघडावी, ही बाब क्षुल्लक वाटते. पण यादीतील प्रत्येक ओळीमागे एक खातेदार, एक विद्यार्थी किंवा एक निवृत्तिवेतनधारक उभा असतो. त्याचे नाव त्याच्या भाषेत नीट वाचता यावे आणि त्याचा क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असावा, एवढी अपेक्षा ठेवण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ती पुरी करण्यास नवे यंत्र लागत नाही, नवा खर्चही लागत नाही. उघडण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबण्याची सवय तेवढी लागते.